ट्रान्सप्लांट झालेल्या माणसाला पावसाळ्यात ताप आला? या चुका टाळा

दादाचं किडनी ट्रान्सप्लांट होऊन चार वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. सप्टेंबर महिना, सोसायटीत घरटी एक डेंग्यू, आणि दादा म्हणतोय मला काय धाड भरलीय, अंग जरा मोडून आलंय एवढंच. थर्मामीटर ९९.६ दाखवत होता म्हणून आम्ही पण गप्प बसलो. पहिली चूक तीच. रोजचं स्टेरॉईड चालू असतं ना, ते ताप दाबून ठेवतं, त्यामुळे १०३ ची वाट बघू नका, बारीक कणकण आली तरी त्याच दिवशी नेफ्रोलॉजिस्टला, म्हणजे किडनीच्या डॉक्टरला फोन.

दुसरी चूक वहिनीच्या हातून होता होता राहिली. औषधाच्या डब्यातली अंगदुखीची गोळी, सगळ्यांच्या घरात असते तीच, पण पाकिटामागे बारीक अक्षरात बघितलं तर पॅरासिटामॉलसोबत आयब्युप्रोफेन! डेंग्यूत रक्तस्रावाची भीती असतेच, आणि टॅक्रोलिमस (शरीराने नवीन किडनी नाकारू नये म्हणून इम्युनिटी दाबणारी गोळी) घेणाऱ्याच्या किडनीवर वर अजून हा मार. नुसतं पॅरासिटामॉल, ते पण डॉक्टर सांगतील तेवढंच.

मग टेस्ट. एनएस१, म्हणजे डेंग्यूच्या व्हायरसचं प्रोटीन, साधारण पहिल्या पाच दिवसांत सापडतं, आयजीएम ही अँटिबॉडी त्यानंतर, पण इम्युनिटी दाबलेल्या माणसात अँटिबॉडी उशिरा किंवा कमीच तयार होऊ शकतात, म्हणून निगेटिव्ह आलं की सुटलो असं नसतं, थेट व्हायरस शोधणारी पीसीआर टेस्ट करायची का ते विचारा. सीबीसीचं (रक्तातल्या पेशी मोजतात ती टेस्ट) पण तसंच, मायकोफेनोलेट या ट्रान्सप्लांटच्या दुसऱ्या गोळीमुळे पांढऱ्या पेशी आधीच कमी असू शकतात, त्यामुळे जुने रिपोर्ट सोबत न्या, नाहीतर नवीन डॉक्टरला काय कळणार पडल्या का होत्याच तशा.

गुळवेलीचा काढा घेऊन शेजारचे काका आलेच, इम्युनिटी वाढते म्हणे. अहो काका, इम्युनिटी वाढू नये म्हणून तर दिवसातून दोनदा गोळ्या खातोय तो! शिवाय गुळवेलीने लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस आहेत. पपईच्या पानाचा रस पण विचारल्याशिवाय नको.

आणि ट्रान्सप्लांटच्या गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत, रिजेक्शन होऊ शकतं, म्हणजे शरीर नवीन किडनी नाकारतं. कमी करायच्या का ते डॉक्टर ठरवतात. जुलाब लागले तर टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल वाढू शकते म्हणून ते लगेच कळवा, आणि लेव्हलचं रक्त सकाळच्या डोसच्या आधी द्यायचं. आम्ही एकदा गोळी देऊन लॅबला गेलो, फुकट हेलपाटा.

सगळ्यात फसवणारा दिवस म्हणजे ताप उतरतो तो. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप गेला आणि पोट दुखायला लागलं, उलट्या थांबेनात, हिरड्यातून रक्त, लघवी कमी, माणूस मलूल, तर थेट हॉस्पिटल. पाणी किती प्यायचं ते पण त्यांनाच विचारा, भरपूर प्या हा सल्ला सगळ्यांना चालत नाही.

ट्रान्सप्लांट नवीन असेल तर अजून एक, व्हायरस अवयवातून पण येऊ शकतो. २००२ मध्ये अमेरिकेत एकाच डोनरकडून चौघांना वेस्ट नाईल (हा पण एरवी डासांमुळे पसरणारा व्हायरस) झाला होता. त्यामुळे डास चावलाच नाही म्हणून ताप लपवू नका.

मच्छरदाणी आमच्याकडे रोज लागायची, फक्त रात्री. डेंग्यूचा डास चावतो दिवसा. शेवटी अळ्या सापडल्या कुठे, तर फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये, दादाच्या खुर्चीपासून चार पावलांवर वळवळत होत्या. आता दर रविवारी तो ट्रे मी घासते, नुसता ओतत नाही, अंडी कडेला चिकटून बसतात.