युद्धकॉमिक्सची मूळ पानं विकत घेताय? या चुका टाळा

मूळ पान, म्हणजे छपाईसाठी चित्रकाराने हाताने काढलेलं पान, समोर आलं की बहुतेकांची नजर थेट सार्जंट रॉकसारख्या युद्धकथेच्या नायकाच्या चेहऱ्यावर जाते. ती आधी समासावर जायला हवी, मग पान उलटून पाठीवर, आणि चित्राकडे सगळ्यात शेवटी. चित्राची नक्कल करता येते. पण समासातल्या निळ्या पेन्सिलीच्या खुणा, अंकाचं नाव आणि पान क्रमांक, संपादकाने खरडलेली सूचना, रबरी शिक्का, गोंदाचे तपकिरी डाग, हे सगळं एकमेकांशी जुळेल असं उभं करणं नकलाकाराला फार जड जातं. विक्रेत्याने फक्त चित्राचा फोटो टाकला असेल तर चारही समास आणि पाठ दिसेल असे फोटो मागा. दिले नाहीत तर पान सोडून द्या. 'दुसरं गिऱ्हाईक थांबलंय' हे वाक्य ऐकून घाईने पैसे पाठवणारेच सर्वाधिक फसतात.

मापपट्टी न लावणं

अमेरिकन पानांच्या बाबतीत सर्वांत उपयोगी साधन म्हणजे साधी मापपट्टी. १९६७च्या सुमारापर्यंत डीसी आणि मार्व्हलचे चित्रकार छापील पानाच्या जवळजवळ दुप्पट आकारात काम करत. चित्राची चौकट साधारण १२.५ बाय १८.५ इंच असे. त्यानंतर आकार घटला: चौकट १० बाय १५ इंच आणि बोर्ड, म्हणजे चित्राचा जाड कागद, ११ बाय १७ इंच. म्हणजे १९६३च्या 'अवर आर्मी ॲट वॉर'मधलं म्हणून दाखवलेलं पान ११ बाय १७च्या बोर्डावर असेल, तर त्या अंकात छापलं गेलेलं पान ते नव्हे. कदाचित ते त्याच चित्रकाराने पुढे एखाद्या चाहत्यासाठी पुन्हा काढलेलं असेल. अशा पानालाही मोल असतं, पण छापलेल्या पानाचं मोल त्याला देऊ नका. पैसे देण्याआधी 'हे छापलेलं पान आहे, पुनर्निर्मिती नाही' एवढं एक वाक्य विक्रेत्याकडून लेखी घ्या.

शिक्क्यांचंही तसंच. अमेरिकेतली कॉमिक्स कोड ही तपासणी १९५४ साली सुरू झाली. त्यानंतरच्या अमेरिकन कथांच्या पानांमागे, विशेषतः पहिल्या पानामागे, तिचा शिक्का सापडू शकतो. १९५२च्या 'फ्रंटलाइन कॉम्बॅट'च्या पानावर किंवा कुठल्याही ब्रिटिश पानावर तो दिसला, तर कुणीतरी तो नंतर मारलेला आहे. ईसी या अमेरिकन प्रकाशनाच्या 'टू-फिस्टेड टेल्स' आणि 'फ्रंटलाइन कॉम्बॅट'ची गोष्ट जरा वेगळी आहे. प्रकाशक विल्यम गेन्स यांनी मूळ पानं फेकली नाहीत, जपून ठेवली, आणि पुढे रस कॉक्रन यांच्या लिलावांतून ती बाहेर आली. त्यामुळे ईसीचं पान घेताना 'ते त्या लिलावापासून तुमच्यापर्यंत कसं आलं' हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण त्याला उत्तर असण्याची शक्यता चांगली असते.

डीसीकडे उलट झालं. १९६०च्या दशकातली बरीच पानं त्यांच्याच कचेरीत नष्ट झाली, काही आडवी कापून टाकली गेली. त्यामुळे तीन पट्ट्या मागून जोडलेलं डीसीचं पान दिसलं की ते खोटं समजून झिडकारू नका. मात्र जोड कशाने दिलाय ते बघा, आणि अखंड पानाची किंमत देऊ नका.

नावावर विश्वास ठेवणं

ही चूक सर्वांत महाग पडते, आणि ती फक्त नवखेच करतात असं नाही. 'ऑल-अमेरिकन मेन ऑफ वॉर'चा १९६२ सालचा ८९वा अंक घ्या. अमेरिकन पॉप-आर्ट चित्रकार रॉय लिक्टेनस्टाइनने त्यातल्या चौकटींवरून मोठाली चित्रं रंगवली. त्यातलं १९६३चं 'व्हाम!' लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. त्याचा मूळ चित्रकार म्हणून रस हीथचं नाव अनेक ठिकाणी घेतलं जातं. प्रत्यक्षात 'व्हाम!'चा मुख्य आधार ही अर्व्ह नॉव्हिकने काढलेली चौकट आहे. हीथच्या चौकटीवरून झालं ते 'ब्लॅम'. अंक एक, दोन्हीकडे विमानं, काढणारे हात मात्र दोन. जगभर गाजलेल्या चित्राच्या बाबतीत नावांची अशी अदलाबदल होते, तर सही नसलेल्या एका आतल्या पानाच्या नावाची खात्री विक्रेत्याच्या एका ओळीवरून कशी करणार?

ब्रिटिश पानांत हा धोका दुप्पट होतो. फ्लीटवे या लंडनच्या प्रकाशनाची 'वॉर पिक्चर लायब्ररी' १९५८ साली आली, 'एअर एस' १९६०मध्ये, 'बॅटल पिक्चर लायब्ररी' १९६१मध्ये. त्याच १९६१ साली डंडीच्या डी. सी. थॉमसनने 'कमांडो' काढलं. सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांतून आणि रद्दीच्या दुकानांतून ज्या छोट्या ६४ पानी पुस्तिका आपल्याकडे घरोघरी पोचल्या, त्या याच. त्या काळी या पुस्तिकांत चित्रकाराचं नाव छापत नसत. फ्लीटवेचं बरंच काम मिलानच्या डामी स्टुडिओमार्फत इटालियन चित्रकारांनी केलं, शिवाय स्पॅनिश आणि अर्जेंटिनी हातही होते. इटालियन कॉमिक्स-चित्रकार ह्यूगो प्रॅटने १९५९ नंतरच्या काही वर्षांत फ्लीटवेसाठी मोजक्या कथा काढल्या. आज प्रॅटच्या नावाला प्रचंड भाव आहे, आणि म्हणून दाट काळ्या सावल्या असलेलं कुठलंही पान 'प्रॅट' म्हणून विकायला निघतं.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. आधी त्या कथेचा छापील अंक मिळवा. इंटरनेटवरच्या ग्रँड कॉमिक्स डेटाबेसमध्ये अंक, कथा आणि चित्रकाराची नोंद शोधा. मग पान आणि छापील प्रत शेजारी ठेवून चेहऱ्यांऐवजी हात, कान, बुटांच्या घड्या आणि हेल्मेटच्या कडा जुळवा. चेहरा चित्रकार जाणीवपूर्वक काढतो, दुसऱ्याचा उचलूही शकतो. बुटाच्या घड्या मात्र हात सवयीने काढतो. एकाच चित्रकाराची निदान दहा छापील पानं नजरेखालून गेल्याशिवाय नावापोटी जास्तीचा एक पैसाही देऊ नका.

पुनर्मुद्रणाने आणखी गोंधळ होतो. 'कमांडो'च्या कथा वर्षांनंतर नव्या क्रमांकाने पुन्हा छापल्या गेल्या. त्या क्रमांकावरून पानाचं साल ठरवलं तर दशकभराची चूक होते. पहिल्या छपाईचा क्रमांक शोधा.

छापील पानावरून गिरवलेली नक्कल न ओळखणं

लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून उजेड येणाऱ्या काचेच्या पेटीवर, छापील पान ठेवून गिरवलेली पानं सगळ्यात जास्त फिरतात. ओळखायला १० पट भिंग पुरतं. स्वस्त कागदावर छापताना बारीक रेघा एकमेकींत मिसळून गोळा होतात आणि फार नाजूक रेघा गायब होतात. मूळ पानावर त्या रेघा सुट्या आणि स्पष्ट असतात. गिरवणाऱ्याला फक्त छापलेलं दिसतं, म्हणून तो गोळासुद्धा गोळाच काढतो. दाढीची खुंटं, तंबूच्या कापडाची वीण, दूरचे धुराचे लोट या तीन जागा आधी तपासा. छापील प्रतीत जिथे काळा डाग आहे तिथे पानावरही तसाच डाग असेल, तर ते पान छपाईनंतर जन्मलेलं आहे.

मग टॉर्च जवळजवळ आडवा धरून पानावरून फिरवा. कुंचल्याने भरलेला काळा रंग कुठे दाट, कुठे विरळ दिसतो, आणि पांढऱ्या दुरुस्तीचा थर किंचित वर उठलेला असतो. झेरॉक्सचा काळा सगळीकडे सारखा चमकतो. खोडलेल्या पेन्सिलीच्या खाचाही याच उजेडात दिसतात. एकही दुरुस्ती नाही, एकही खोडलेली रेघ नाही, इतकं स्वच्छ पान दिसलं तर खूश होऊ नका, सावध व्हा. आठवड्यांच्या मुदतीत काम करणाऱ्या माणसाचं पान असं नसतं.

३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्चही ठेवा. ३९५चा स्वस्त मिळतो, पण त्याच्या जांभळ्या उजेडात काही कळत नाही. कागद उजळ दिसावा म्हणून घालायची रसायनं १९५०च्या दशकात वापरात येऊ लागली. १९५१चं म्हणून दाखवलेलं पान अंधारात निळं-पांढरं झगझगत असेल, तर आणखी चौकशी करा. फक्त एवढ्यावरून निकाल देऊ नका.

'कलर गाइड' मूळ चित्र म्हणून घेऊ नका. ती फोटोप्रत असते आणि छापखान्याला रंग कळावेत म्हणून वर हाताने रंगवलेली असते. हाताचं काम तिच्यात आहे, पण रेघ छापील आहे. शिवाय तिच्यातले रंग उजेडात झपाट्याने उडतात.

लॅमिनेशन, फेव्हिकॉल आणि फ्रेमवाला

खरं पान घरी आल्यावर त्याचा नाश होतो तो इथे. 'पावसाळ्यात खराब होऊ नये' म्हणून लॅमिनेट केलेलं पान परत मिळत नाही. गरम प्लास्टिक कागदाच्या तंतूंत उतरतं, चिकटवलेल्या मजकुराखालचा जुना गोंद वितळून पसरतो, आणि प्लास्टिक सोलायला गेलं की शाई त्याच्याबरोबर निघते. हे कुणीही, कितीही प्रेमाने सांगितलं तरी करू नका.

फ्रेमवाल्याकडे पान ठेवून निघून येणं ही तितकीच मोठी चूक. तो त्याच्या रोजच्या पद्धतीने काम करतो: पान एमडीएफवर फेव्हिकॉलने चिकटवतो, सुरकुती राहू नये म्हणून दाबतो, आणि माउंटमध्ये बसावं म्हणून समास कापतो. त्या कापलेल्या पट्टीवरच अंकाचं नाव, पान क्रमांक आणि संपादकाची टीप असते. दहा मिनिटांत पानाचा जन्मदाखला केरात जातो. म्हणून फ्रेमवाल्याला पान देऊच नका, फक्त मापं द्या. चौकट, आम्लरहित माउंटबोर्ड आणि अतिनील किरण रोखणारं ॲक्रिलिक करून घ्या आणि पान घरी स्वतः बसवा. कोपऱ्यांना पॉलिएस्टरचे त्रिकोणी खिसे लावा, म्हणजे पानाला गोंद लागतच नाही. पान ॲक्रिलिकला टेकू नये म्हणून मध्ये निदान ३ मिलिमीटर अंतर ठेवा. दमट हवेत गुळगुळीत शाई काचेला चिकटते.

'कमांडो' किंवा फ्लीटवेचं रंगीत मुखपृष्ठ असेल तर हे अंतर दुप्पट महत्त्वाचं आहे. ती बहुतेक गॉशमध्ये, म्हणजे अपारदर्शक जलरंगात, रंगवलेली असतात. गॉश कितीही वर्षांनी पाण्यात विरघळतं, एक थेंब पुरतो. ओल्या फडक्याने 'जरा पुसून' घेण्याचा विचारही नको. पान गुंडाळलं तर रंगाला तडे जाऊन खपल्या पडतात.

ब्रिटिश पानांवर बोलण्याचे फुगे बहुधा यंत्राने जुळवलेल्या मजकुराचे, कापून चिकटवलेले असतात. त्यासाठी वापरलेला रबर सिमेंट हा गोंद सुकतो, तपकिरी पडतो आणि फुगे गळतात. गळालेला तुकडा पुन्हा फेव्हिकॉलने किंवा टेपने लावू नका. तो पॉलिएस्टरच्या छोट्या पाकिटात पानाबरोबर ठेवा आणि कुठून गळाला त्याचा फोटो काढा. लावायचाच असेल तर गव्हाच्या स्टार्चची ताजी पातळ खळ, तीही कागदाच्या जाणकार संवर्धकाकडून. पाठीमागचा जुना पिवळा सेलोटेप स्वतः ओढणं म्हणजे कागदाचा वरचा थर ओढणं.

साठवणीबद्दल थोडक्यात. पीव्हीसीच्या फाइलचा वास येतो, तोच तिचा दोष: त्यातली रसायनं शाईला मऊ करतात. पॉलिएस्टरची पाकिटं घ्या. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहिली तर बरं. ६५च्या वर सलग गेली की बुरशीला वाव मिळतो, आणि मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर ती त्याच्या वरच असते. खोलीत आर्द्रतामापक ठेवा. सिलिका जेल हवाबंद डब्यात घाला, उघड्या कपाटात ते दोन दिवसांत भरून जातं. पान बाहेरच्या भिंतीवर कधीच टांगू नका. मार्करने काळं केलेली १९७०नंतरची पानं उजेडात तपकिरी-जांभळी होतात, ती पेटीतच बरी.

मागवताना

लिलावात शेवटच्या बोलीवर खरेदीदाराचं अधिमूल्य, म्हणजे लिलावगृहाचं शुल्क, लागतं, बऱ्याच ठिकाणी बोलीच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास किंवा वर. ते, टपाल आणि आयातकर धरून मगच स्वतःची कमाल बोली कागदावर लिहा, आणि ती ओलांडू नका.

पान नळीत पाठवायला परवानगी देऊ नका. जाड बोर्ड गुंडाळला की मधोमध मोडतो. पान पॉलिएस्टरमध्ये, ते दोन कडक पुठ्ठ्यांत, आणि पुठ्ठ्यांच्या आतल्या पन्हळी एकमेकींना काटकोनात, म्हणजे कुठल्याच दिशेने वाकत नाही. त्याबाहेर ३-४ मिलिमीटरचं प्लायवुड. कडेने पुठ्ठा पानापेक्षा निदान दोन इंच मोठा हवा, कारण मार कोपऱ्यांना बसतो.

कस्टम्सच्या कागदांवर 'कॉमिक' लिहू देऊ नका. हाताने काढलेलं चित्र शीर्षक ९७०१खाली येतं, छापील पुस्तक वेगळ्या शीर्षकाखाली. बीजकावर 'हाताने काढलेलं मूळ शाईचित्र, कागदावर, एक नग', चित्रकाराचं नाव, साल आणि खरी रक्कम असं लिहून घ्या. रक्कम कमी दाखवायचा आग्रह करणारे बरेच भेटतात. वाटेत पान हरवलं तर विम्याची भरपाई त्या कमी रकमेचीच मिळते.

पाकीट आल्यावर फोडतानाचा सलग व्हिडिओ घ्या, आणि पहिल्याच दिवशी पानाच्या दोन्ही बाजू समासांसकट ६०० डीपीआयला स्कॅन करा. ए-४ स्कॅनरवर पान दुमडून बसवू नका, तुकड्यांत स्कॅन करून जोडा.