सबस्क्रिप्शन सॉफ्टवेअरचे आर्थिक मॉडेल : या चुका टाळा

सबस्क्रिप्शनवर सॉफ्टवेअर विकणाऱ्या एखाद्या भारतीय कंपनीची पुढच्या उत्पन्नाचा अंदाज मांडणारी एक्सेल शीट तपासायला आली, की उत्पन्नाच्या शेजारी बँकेत जमा झालेल्या पैशाची वेगळी ओळ आहे का, हे मी आधी पाहतो. बहुतेकदा ती नसते, आणि पुढचा बराचसा घोळ तिथूनच सुरू होतो.

समजा, वार्षिक किंमत १२,००० रुपये आहे आणि १८ टक्के जीएसटी धरून ग्राहकाने १ एप्रिलला १४,१६० रुपये भरले. त्यातील २,१६० रुपये कराचे आहेत; इनपुट क्रेडिट (कंपनीने स्वतःच्या खरेदीवर आधीच भरलेला जीएसटी) वजा करून ते पुढच्या महिन्यात सरकारजमा करावे लागतात. उरलेल्या रकमेतून एप्रिलचे उत्पन्न फक्त १,००० रुपये धरता येते आणि ११,००० रुपये अजून न दिलेल्या सेवेपोटी देणे म्हणून ताळेबंदात राहतात. संपूर्ण रक्कम एप्रिलच्या उत्पन्नात टाकली, तर एप्रिल दणदणीत आणि मे कोरडा दिसतो, आणि त्या आकड्यांवर विसंबून केलेली नोकरभरती नंतर अंगाशी येते. ग्राहक टीडीएस (उगमस्थानी करकपात) कापून पैसे देत असेल, तर हाती येणारी रोकड आणखी कमी भरते. म्हणून बिल, उत्पन्न आणि रोकड यांच्या तीन स्वतंत्र ओळी ठेवाव्यात. मागील देणे अधिक नवी बिले (कर वगळून) वजा उत्पन्न हा ताळा दर महिन्याला ताळेबंदातील आकड्याशी जुळला नाही, तर पुढे न जाता चूक शोधावी.

दरमहा ३ टक्के गळती, म्हणजे सोडून जाणारे ग्राहक, म्हणून वर्षाला ३६ टक्के, हा हिशेब चुकीचा आहे, कारण दर महिन्याला उरलेल्यांतलेच ३ टक्के जातात. शंभरातले सुमारे ६९ ग्राहक वर्षाअखेर टिकतात. ही चूक तशी किरकोळ. नवे ग्राहक आधीच्या ग्राहकसंख्येच्या टक्केवारीने वाढवत फॉर्म्युला खाली ओढणे, ही मात्र महागात पडणारी चूक आहे. विक्रीचा चमू महिन्याला ४० ग्राहक आणतो असे धरू. ५०० ग्राहक असताना १५ जातात आणि २५ वाढतात. संख्या १,३३३ च्या जवळ पोहोचली की आलेले ४० आणि गेलेले ४० सारखेच होतात आणि चमू तितकाच राबत असूनही वाढ थांबते. शीटमधील आलेख ही मर्यादा सहज ओलांडत असेल, तर विक्रेत्यांची संख्या आणि प्रत्येकाची मासिक विक्री यांवरून नवे ग्राहक काढावेत. हे गणित मासिक ग्राहकांचे आहे. वार्षिक ग्राहक नूतनीकरणाच्या वेळीच गळतात, त्यामुळे त्यांची गळती तेराव्या महिन्यात दाखवावी.

किंमतवाढीचे गृहीतक तपासताना एक गोष्ट हमखास सुटते. रिझर्व्ह बँकेने कार्डवरील आपोआप वसुलीची ओटीपीविना मर्यादा जून २०२२ मध्ये ५,००० वरून १५,००० रुपये केली. ११,९९९ रुपयांचा प्लॅन करासह १४,१५९ च्या आसपास, म्हणजे मर्यादेत बसतो. तोच १२,९९९ केला, तर रक्कम १५,३३९ च्या घरात जाते आणि प्रत्येक नूतनीकरणाला ग्राहकाने ओटीपी टाकणे आवश्यक ठरते. अशा वेळी शीटमध्ये केवळ किंमतीचा रकाना बदलून भागत नाही, गळतीचा रकानाही बदलावा लागतो, कारण ओटीपी न टाकणारे ग्राहक गळतात.