आधी गिऱ्हाइकाची पावलं बघा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका कपड्यांच्या दुकानात मांडणीच्या कामाला लागलो, तेव्हा रॅक कुठं छान दिसतील तिथं लावायचे, एवढंच मला ठाऊक होतं. पहिल्याच दिवाळीला ऑफरचा मोठा बोर्ड अगदी दारात उभा केला. बिलिंगला येणारे विचारायचे, ‘ऑफर कशावर आहे?’ बोर्ड त्यांना दिसलाच नव्हता.

दारातून आल्यावर पहिली चार-सहा पावलं माणसाचं लक्ष दुकानात नसतं. गाडीची किल्ली पर्समध्ये टाकायची असते, छत्री झटकायची असते, उन्हातून आलेले डोळे सरावायचे असतात. पॅको अंडरहिल हे गिऱ्हाइकांच्या वागण्याचे अमेरिकी अभ्यासक या पट्ट्याला ‘डीकम्प्रेशन झोन’ म्हणतात. तो बोर्ड आम्ही दहा-बारा फूट आत नेला, तेव्हा कुठं लोक थांबून वाचायला लागले.

या कामात नव्यानं येणार असाल तर पहिला आठवडा रॅकला हात लावू नका. दुकानाचा कच्चा नकाशा काढून झेरॉक्स करून घ्या. एका गिऱ्हाइकाला एक कागद. त्याची वाट पेन्सिलनं ओढा, थांबेल तिथं फुली मारा. मंगळवारची दुपार घ्या, रविवारची संध्याकाळही घ्या.

अमेरिकेतल्या निरीक्षणांत लोक आत आल्यावर उजवीकडे वळतात. माझ्या कागदांवर बहुतेक रेघा डावीकडे गेल्या. आपण गाडी डावीकडून चालवतो, अंबाबाईची प्रदक्षिणाही डावीकडून सुरू करतो. दार कोपऱ्यात असलं की हेही बदलतं, म्हणून प्रत्येक दुकानाची रेघ नव्यानं ओढावी लागते.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते लहान मुलांच्या कपड्यांच्या अरुंद गल्लीनं. जेमतेम अडीच फूट जागा. एक वहिनी खालच्या कप्प्यातला फ्रॉक बघायला वाकल्या. मागून कुणाची तरी पिशवी घासून गेली. त्या उठल्या, वाट दिली, परत वाकल्या. दुसऱ्यांदा धक्का लागला तसा फ्रॉक तिथंच ठेवून निघाल्या. ‘दुसरा रंग दाखवू का?’ म्हटलं, तर ‘राहू दे, नंतर येते.’ त्या कप्प्यातला माल महिनोन् महिने का पडून होता, ते तेव्हा कळलं.

एक रॅक काढूया म्हटल्यावर मालक म्हणाले, ‘अरे, फुटाफुटाला भाडं पडतंय, जागा मोकळी कशाला ठेवायची?’ मी कागद पुढं केले. त्या गल्लीत फुल्या होत्या, पण प्रत्येक फुलीपासून रेघ सरळ बाहेर पळाली होती. त्यांनी बराच वेळ कागद चाळले. रॅक गोडाऊनला गेला. पुढच्या रविवारी एक आजी त्याच गल्लीत चक्क मांडी घालून बसल्या आणि नातीसाठी तीन फ्रॉक फरशीवर शेजारी शेजारी पसरून बघत होत्या.