'अ‍ॅना कारेनिना' वर्गासाठी वाचताय? या चुका टाळा

टॉलस्टॉयची ही कादंबरी अभ्यासक्रमाला लागली की मुलं आधी तिची जाडी बघतात आणि वाचन परीक्षेच्या तोंडावर ढकलतात. तसं करू नका. ती १८७५ ते १८७७ दरम्यान मासिकातून क्रमशः आली. आठ भाग, २३९ प्रकरणं, बहुतेक छोटीच. रोज चार वाचलीत तर दोन महिन्यांत हातावेगळी होते.

नावांनी गांगरू नका. मधलं नाव वडिलांचं, आपल्यासारखंच. स्तेपान अर्काद्येविच आणि अ‍ॅना अर्काद्येवना म्हणजे सख्खी भावंडं. घरात स्तेपानचा स्तीवा होतो. खरा घोळ अलेक्सेयचा: अ‍ॅनाचा नवरा कारेनिन अलेक्सेय, आणि प्रियकर व्रोन्स्कीसुद्धा अलेक्सेय! पुठ्ठ्याच्या आत घराण्यांप्रमाणे नावं लिहून ठेवा. आणि हो, अ‍ॅना पहिल्यांदा दिसते ती अठराव्या प्रकरणात, मॉस्कोच्या स्टेशनवर. तोवर धीर धरा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे लेविन या जमीनदाराची प्रकरणं गाळणं. 'शेतीचं काय वाचायचं' म्हणून मुलं पानं उलटतात आणि अर्धी कादंबरी हातची जाते. १८६१ मध्ये रशियात भूदासांची, म्हणजे जमीनदाराच्या जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांची, मुक्तता झाली. आता जमीन कोण आणि कशी कसणार, हा प्रश्न लेविनला झोपू देत नाही. तिसऱ्या भागातली गवतकापणी सावकाश वाचा. जमीनदार असून तो शेतकऱ्यांच्या रांगेत लांब दांड्याचं पातं घेऊन उतरतो. आधी हात अवघडतात, मग लय सापडते आणि वेळेचं भानच राहत नाही. दुपारी एक म्हातारा पाण्यात पाव कुस्करून मीठ टाकतो, आणि लेविन घरचं जेवण सोडून त्याच्यासोबत तेच खातो. अ‍ॅनाच्या पीटर्सबर्गमधल्या मेजवान्या याच्या शेजारी ठेवून बघा, निबंधाचा मुद्दा आपोआप मिळेल.

टिपणात पानाऐवजी भाग आणि प्रकरण लिहा. प्रत्येकाकडे वेगळा अनुवाद असतो, वर्गात पानं जुळत नाहीत.

सातव्या भागाअखेर अ‍ॅना मरते आणि बरेच जण तिथेच पुस्तक मिटतात. पुढे अजून १९ प्रकरणं आहेत. सर्बियाच्या लढाईला निघालेल्या रशियन स्वयंसेवकांबद्दलची टॉलस्टॉयची मतं संपादक कात्कोव्हला पटली नाहीत, म्हणून त्याने हा आठवा भाग मासिकात छापायचं नाकारलं. टॉलस्टॉयने तो स्वतंत्रपणे काढला. ट्यूटोरियलसाठी विषय शोधत असाल, तर इथे शोधा.