स्कॉलरशिपच्या आधीचे पंधरा दिवस: नवीन शिक्षकांसाठी माझा अनुभव

आमच्या शाळेत यावर्षी दोन शिक्षणसेवक नवीन लागल्या, आणि दोघींनी पहिल्याच आठवड्यात विचारलं की मॅडम, आठवीची स्कॉलरशिप बॅच, म्हणजे शिष्यवृत्ती परीक्षेला बसणारी मुलं, इतकी वर्षं तुमच्याकडे आहे, तर शेवटच्या पंधरा दिवसांत तुम्ही काय शिकवता? शेवटचे पंधरा दिवस मी नवीन जवळजवळ काहीच शिकवत नाही. ते दिवस मी मुलांच्या भीतीला देते, आणि हे मला कोणी ट्रेनिंगमध्ये सांगितलं नव्हतं, एका पोरीचं नुकसान झाल्यावर समजलं.

माझं पहिलं वर्ष. दर शनिवारी सराव पेपर घ्यायची आणि मार्कांची यादी वरून खाली लावून वर्गाच्या दारावर चिकटवायची. मला खरंच वाटायचं की याने चुरस लागेल. चार-पाच मुलांना लागलीही. पण एक मुलगी लागोपाठ दोन शनिवार यादीत सगळ्यात खाली होती आणि तिसऱ्या शनिवारी आलीच नाही, चौथ्यालाही नाही. मग तिची आई आली, कळमना मार्केटात कामाला जायच्या आधी वेळ काढून आली होती. म्हणाली, "मॅडम, शनवारी सकायी उठली का वकाऱ्या काढते जी, दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणते काहीच नाही. काल रातच्याला सांगते का शाळेत दारावर यादी लागते." मी त्याच दिवशी यादी काढली. पण त्या वर्षी ती परीक्षेला बसली नाही ती नाहीच. संख्यामालिका तिला माझ्यापेक्षा पटकन सुटायच्या. आजही बुद्धिमत्तेचा पेपर हातात घेतला की मला ती आठवते.

तर पहिली गोष्ट ही, की पोट दुखणं, वकाऱ्या, सारखं लघवीला जाणं, पेपरच्या दिवशीच ताप, याला नाटक म्हणू नका. मुलाला खरंच दुखत असतं. घाबरलं की शरीर पळायच्या तयारीला लागतं, छाती धडधडते, हातापायाला घाम येतो, पोटाचं काम बिघडतं. "काही होत नाही, बस तिथं" म्हटल्याने ते थांबत नाही, उलट मुलाला वाटतं की मॅडमला पण कळत नाहीये. मी फक्त एवढं म्हणते की हो, दुखत असेल, चल दोन मिनिटं बाहेर व्हरांड्यात उभं राहू. मग नाकाने चार आकडे मोजत श्वास आत आणि सहा आकडे मोजत हळूहळू बाहेर, असं पाच-सहा वेळा. बाहेर सोडायचा श्वास लांब हवा, तिथेच धडधड उतरते. पण हे पेपरच्या दिवशी पहिल्यांदा सांगून काही होत नाही, आम्ही डिसेंबरपासून परिपाठात प्रार्थनेनंतर रोज करतो, सगळी शाळा करते, त्यामुळे कोणाला वेगळं काढल्यासारखं वाटत नाही.

ही वेगळं काढायची गोष्ट फार महत्त्वाची आहे. वर्गात ४६ मुलं आणि स्कॉलरशिपला बसणार १४. जादा तास त्या चौदांना, पुढचे बेंच त्यांना, परिपाठात एचएम सर, म्हणजे मुख्याध्यापक, नावं घेणार त्यांची. उरलेल्या बत्तीस मुलांकडे कोणाचंच लक्ष नाही. एकदा मी एका मुलाला फळा पुसायला सांगितलं तर तो सहज बोलून गेला, "आमी बाकीचे ना मॅडम, आमालेच सांगा." मला रात्री झोप लागली नाही. आणि चौदांच्याही डोक्यावर त्याचं ओझं असतं बरं का, कारण नापास झालो तर आपण पण "बाकीचे" होऊ असं त्यांना वाटत राहतं.

मग पुढच्या वर्षी मी सराव परीक्षा बत्तीस जणांच्या ताब्यात दिली. घंटा तेच देणार, ओएमआर शीट (गोळे रंगवायची उत्तरपत्रिका) तेच वाटणार, सुपरवायझर तेच, हॉल तिकीट तेच तपासणार, एकजण केंद्रसंचालक. तपासायला आम्ही जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर बरोबर उत्तरांच्या जागी भोकं पाडून जाळी केली, शीटवर ठेवली की कोणते गोळे बरोबर ते लगेच दिसतात. तपासता तपासता त्यांचे आपसात वाद सुरू, "अबे हे तीन कसं काय, चार आहे ना" आणि अर्धी गणितं फॉर्म न भरलेल्या मुलांनी तोंडी सोडवली. आणि परीक्षेला बसणाऱ्यांना त्यांचेच मित्र सुपरवायझर म्हणून चार वेळा बघितल्यामुळे सुपरवायझर या माणसाची भीतीच गेली. शाळा एक झाली की नाही हे मला भाषणातून नाही, या कामातून दिसलं.

आता बडग्याची गोष्ट सांगते, कारण माझ्यासाठी सगळं तिथून बदललं. आपल्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, म्हणजे काळी आणि पिवळी अशा मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, सोबत बडगे नावाचे पुतळे, आणि सगळा इतवारी-महाल ओरडतो "घेऊन जा गे मारबत", रोगराई, महागाई, जे काय नको असेल ते. जानेवारीत एकदा वर्ग फारच चिडीचूप झाला होता, कोणी हसत नव्हतं, तेव्हा मागच्या बेंचवरचा एक मुलगा म्हणाला की मॅडम, परीक्षेचा बडग्या काढू ना. मी म्हटलं काढू. जुन्या सराव पेपरांचा आणि बांबूच्या कमच्यांचा बडग्या केला, आणि प्रत्येकाने आपल्याला कशाची भीती वाटते ते चिठ्ठीवर लिहून त्याच्या पोटात टाकायचं ठरलं. मी आधीच सांगितलं की मी वाचणार नाही, ज्यांना वाचलेलं चालेल त्यांनी माझ्या हातात द्या. चौदापैकी नऊ जणांनी दिल्या.

मला वाटलं होतं गणित, इंग्रजी, बुद्धिमत्ता असलं काही लिहिलं असेल. नऊपैकी फक्त दोन चिठ्ठ्यांत गणित होतं. बाकीच्यांत हे होतं: सेंटर सापडलं नाही तर. लघवी लागली तर. पेन बंद पडला तर. एक गोळा चुकला की पुढचे सगळे सरकतील. पप्पा म्हणतील फॉर्मचे पैसे वाया गेले. आणि एकीने लिहिलं होतं की माझा नंबर लागला आणि मैत्रिणीचा नाही लागला तर ती बोलणार नाही.

मी ते वाचून खुर्चीत बसूनच राहिले. आम्ही सगळे जण तीन महिने या मुलांना शेकडेवारी आणि घड्याळाची गणितं देत होतो आणि पोरं घाबरली होती लघवीला!

बडग्याची मिरवणूक मैदानावर काढली, ढोलाऐवजी डबे वाजवले, पाचवीची पोरंपण मागे मागे, "भीती घेऊन जा गे बडग्या". जाळायला एचएम सर नाही म्हणाले, बरोबरच आहे, मग बादलीत भिजवून लगदा केला आणि कार्यानुभवाच्या तासाला त्याचे मुखवटे केले. नंतर माझ्या वाचनात आलं की शिकागो विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी 2011 मध्ये असा प्रयोग छापला होता, परीक्षेच्या आधी दहा मिनिटं मुलांना मनातली भीती कागदावर लिहायला लावली तर जास्त घाबरणाऱ्या मुलांचे पेपर चांगले गेले. आम्ही ते मारबतीवरून केलं.

चिठ्ठ्या वाचल्यावर कामं सोपी झाली, कारण यातल्या बहुतेक भीतींचा बंदोबस्त करता येतो. लघवीसाठी सराव परीक्षेतच हात वर करून "जाऊ का" विचारायची सवय लावली, हसू नका, आठवीची मुलगी अनोळखी पुरुष सुपरवायझरला हे विचारायला मरते. पेन परीक्षेसाठी नवीन घ्यायचा नाही, आठवडाभर चालवलेले दोन बॉलपेन न्यायचे. सेंटरसाठी शनिवारी घरच्यांसोबत जाऊन गेट बघून यायचं, कारण परीक्षा रविवारी असते आणि ऐनवेळी मानेवाड्याहून सीताबर्डीकडे ऑटो शोधत बसायला नको.

गोळ्यांचं जरा सविस्तर सांगते. एका पेपरला ७५ प्रश्न, ९० मिनिटं, १५० मार्क, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटापेक्षाही थोडं कमी. पेनने काळा केलेला गोळा बदलता येत नाही. मुलं एक गोळा चुकला की तिथेच अडकतात, खोडायला बघतात, रडायला लागतात. मी त्यांना फळ्यावर मांडून दाखवते की तो गोळा दोन मार्कांचा आहे आणि पात्र व्हायला प्रत्येक पेपरला ४० टक्के, म्हणजे ६० मार्क लागतात, मग दोन मार्कांसाठी पाच मिनिटं द्यायची का तूच सांग. दर पाच प्रश्नांनी प्रश्नाचा नंबर आणि शीटचा नंबर बोट ठेवून जुळवायचा, म्हणजे सरकलं तर पाचातच कळतं. मायनस मार्किंग नाही, त्यामुळे रिकामं काही सोडायचं नाही. आठवीला काही प्रश्नांना दोन बरोबर पर्याय असतात आणि दोन्ही रंगवावे लागतात, हे मात्र इतक्या वेळा करून घ्या की झोपेतपण सांगता आलं पाहिजे.

आणि दोन पेपरच्या मधली सुट्टी! माझ्या मते अर्धी मुलं तिथे पडतात. पहिला पेपर, म्हणजे मराठी आणि गणित, देऊन बाहेर येतात आणि गेटवर "एकोणचाळीसचं काय आलं" सुरू होतं, एकाचं चुकलं कळलं की तो दुसऱ्या पेपरला, इंग्रजी आणि बुद्धिमत्तेला, मेल्यासारखा जाऊन बसतो. आम्ही नियम केलाय की सुट्टीत पेपरबद्दल एक शब्द नाही, प्रश्नपत्रिका दप्तरात. रविवारी शाळेची खिचडी नसते म्हणून डबे आणायचे आणि सगळ्यांनी गोल करून खायचं, पोळी-भाजी, तर्री-बिर्री नको. फॉर्म न भरलेल्यांपैकी सहा-सातजण पाणी आणि चिवडा घेऊन येतात, त्यांना कोणी बोलावलेलं नसतं.

पालकांसाठी मी एकच मीटिंग घेते, संध्याकाळी सात वाजता, कामावरून आल्यावर. पात्र होणं आणि शिष्यवृत्ती मिळणं वेगळं आहे, पात्र होऊनही मेरिटमध्ये नंबर लागला नाही तर पैसे मिळत नाहीत, हे तिथेच स्पष्ट सांगते, नाहीतर निकालाच्या दिवशी पात्र झालेलं पोरगं शिव्या खातं. दुसरं, पहाटे चारला उठवणं बंद. या वयाच्या मुलांना आठ-नऊ तास झोप लागतेच. एक बाबा म्हणाले होते, "मॅडम, आमी तर झोपलोच नाही कधी इतकं, तरी शिकलो." मी म्हटलं दादा, एक आठवडा करून बघा, त्यांनी केलं, आणि स्वतःहून येऊन सांगितलं की पोरगा चिडचिड करून नाही राहिला आता. गेटवर भेटल्यावर "किती सुटले?" विचारायचं नाही, "भूक लागली का?" विचारायचं, हेही लिहून देते.

सगळं तुमच्या-माझ्याच्याने होत नाही, हे पण लक्षात ठेवा. मूल आठवडाभर जेवत नसेल, झोपत नसेल, "मी नसलेलाच बरा" असं काही बोलत असेल तर परीक्षा बाजूला, त्याच दिवशी घरच्यांशी आणि एचएमशी बोला. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात. चाइल्डलाइन 1098. दोन्ही नंबर मी वर्गात खिडकीजवळ लिहून ठेवलेत, फळ्याशेजारी नाही, म्हणजे बघताना कोणाला दिसत नाही की कोण बघतंय.

परीक्षेनंतरच्या सोमवारी मी पेपर काढतच नाही. खो-खो. उत्तरसूची आली की ज्याला जुळवायची असेल त्याने माझ्याकडे एकट्याने यायचं, वर्गात नाही. ज्या मुलीने मैत्रिणीबद्दल चिठ्ठी लिहिली होती ती आणि तिची मैत्रीण दोघी एकत्रच आल्या होत्या, एकीची शीट दुसरी जुळवत होती.

दारावर यादी मी अजूनही लावते, पण परीक्षेच्या आधी. चौदा नावं हजेरीच्या क्रमाने, खाली सुपरवायझर, घंटावाला, केंद्रसंचालक, जाळी कापणारे, डबे वाजवणारे, मिळून ४६.