परतीचा पाऊस गेला, आता विहिरीचे गोडे पाणी सांभाळा

कोकणात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरीही मार्च उजाडला की वाड्यावाड्यांतून पाण्याची ओरड सुरू होते. जांभ्यातून झिरपलेले पाणी पऱ्या-व्हाळांना, म्हणजे ओढ्यांना, लागते आणि तिथून खाडीला जाते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बंदरपट्टीतल्या बागायतदाराला मात्र दुसरीच धास्ती असते. विहिरीत पाणी असते, पण ते मचूळ, म्हणजे खारट चवीचे, होते. आटलेली विहीर पुढच्या पावसात भरते. मचूळ झालेली विहीर एका पावसात सुधारेलच असे नाही. म्हणून हा सल्ला ऑक्टोबर ते जानेवारीसाठी आहे. एप्रिलमध्ये हातात फारसे काही उरत नाही.

आधी जमिनीखाली काय चालते ते नीट समजून घेऊ. गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा हलके असते, त्यामुळे किनाऱ्यालगतच्या वाळूच्या पट्ट्यात ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. हिशेब असा की समुद्रसपाटीच्या वर 1 फूट गोडे पाणी असेल, तर तिच्या खाली साधारण 40 फूट गोडे पाणी टिकते. हेच उलट बाजूने पाहा. उपसा करून ती पातळी 1 फुटाने खाली बसवली, तर कालांतराने खारे पाणी 40 फूट वर सरकू शकते. मोठा पंप लावून तासाभरात विहीर तळाला नेली की नेमके विहिरीच्या बुडाखालीच खारे पाणी उचलले जाते.

त्यामुळे आगरातल्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बागेतल्या, विहिरीवर लहान पंप ठेवा. पहाटे थोडे, संध्याकाळी थोडे असे उपसा आणि मध्ये विहिरीला भरायला वेळ द्या. पाणी कमी पडते म्हणून विहीर आणखी खोल करण्याचा किंवा खाडीच्या अंगाला बोअर मारण्याचा विचार पुष्कळजण करतात. तो सोडून द्या. एका खोल विहिरीपेक्षा अंतर राखून खणलेल्या दोन उथळ विहिरी कितीतरी चांगल्या. शेजारच्या चार आगरांचे पंप एकाच वेळी सुरू राहत असतील, तर आपापसात बसून पाळ्या लावून घ्या. जमिनीखालचे पाणी कुंपण ओळखत नाही.

विहीर बिघडू लागली आहे का, हे चवीला कळते तोवर उशीर झालेला असतो. पाण्यातील क्षार मोजायचे लहान ईसी मीटर आता सहज मिळते. वाडीत मिळून एक घेतले तरी पुरे. पंप सुरू करताच एक बाटली भरा, तासभर चालल्यावर दुसरी भरा आणि दोन्हींचा आकडा वहीत लिहा. दुसरा आकडा ठळकपणे जास्त आला, तर खालचे खारे पाणी ओढले जात आहे असे समजा आणि त्या दिवसापासून पंपाचा वेळ कमी करा. खाडीकाठच्या विहिरींवर अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणातही एक नोंद घ्या. आकडा 700 मायक्रोसीमेन्सच्या आत असेल तर पाणी निर्धास्त वापरा. 700 ते 3,000 मध्ये पीक पाहून आणि काळजी घेऊन वापरता येते. 3,000 च्या वरचे पाणी बागेला देऊ नका. अलिबागकडे भातानंतर पांढरा कांदा लावणाऱ्यांनी तर लागवडीआधीच पाणी तपासावे, कारण 800 च्या पुढे कांद्याचे उत्पन्न घटू लागते. माड बरेच खारे सोसतो, चिकूही सोसतो. पोफळ आणि आंबा सोसत नाहीत.

आंब्यावर याची खूण स्पष्ट दिसते. जून पानाचे टोक आधी तपकिरी होते, मग तो करपा दोन्ही कडांनी मागे सरकतो आणि शिरेजवळचा भाग मात्र हिरवाच राहतो. ही खूण दिसली की बुरशीनाशक फवारण्याआधी विहिरीचे पाणी तपासा. अशा बागेत म्युरेट ऑफ पोटॅश हे खत टाळा, त्यातून क्लोराइडच वाढते. सल्फेट ऑफ पोटॅश वापरा. पाणी पानांवर उडू देऊ नका. आळ्यात झापांचे आणि पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घाला. ठिबक असेल तर वळवाच्या पहिल्या हलक्या सरींत ते बंद करू नका. त्या सरींनी ओलाव्याच्या कडेला साठलेले क्षार पुन्हा मुळांकडे जातात. जमीन चांगली भिजून निघाली की मग बंद करा.

पुष्कळ पाणी वाचते ते न दिल्याने. हापूसच्या मोठ्या झाडांना ऑक्टोबर ते डिसेंबर पाणी देऊ नका. या काळात ताण बसला तरच मोहोर नीट येतो. पाणी दिले तर पालवी फुटते. फळ वाटाण्याएवढे झाले की तिथून पुढे दर 15 दिवसांनी झाडाला 150 ते 200 लिटर पाणी तीन-चार वेळा द्या, फळगळ कमी होते. आता हिशेब मांडा. 100 झाडांना 150 लिटरप्रमाणे एका पाळीला 15,000 लिटर लागतात. 4 मीटर व्यासाच्या विहिरीत 1 मीटर उंचीच्या पाण्यात साधारण 12,500 लिटर मावतात. आपल्या विहिरीचा झरा फेब्रुवारीत किती भरतो हे माहीत असेल, तर किती झाडांना पाणी पुरेल ते आजच ठरवता येते. कातळावरच्या नव्या कलमांचे वेगळे आहे. त्यांना पहिली तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी हवेच. त्यासाठी 4 मीटर लांब, 1 मीटर रुंद, 1 मीटर खोल असा खड्डा प्लॅस्टिक कापडाने अस्तरून 4,000 लिटर पाणी साठवा आणि वर झाप टाका.

व्हाळाला धार आहे तोवरच वनराई बंधारा घाला. दिवाळीनंतर धार बारीक होते, मग अडवायला उरत नाही. जागा अशी निवडा की पात्र अरुंद, तळ घट्ट आणि दोन्ही काठ उंच असतील. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मातीने पाऊण भरून तोंड शिवा. ठासून भरलेली गोणी गोल होते आणि दोन गोण्यांत फट राहते. विटांसारखे सांधे मोडत रचा, वरच्या अंगाला चिकणमाती लिंपा आणि जादा पाणी जायला एका बाजूने वाट ठेवा. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला कपडे धुणे आणि फवारणीचे पंप विसळणे कटाक्षाने बंद ठेवा. अडलेले तेच पाणी खालच्या विहिरींत झिरपणार आहे. मे अखेरीस गोण्या काढून घ्या.

खारभूमीत, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या जमिनीत, भात करणाऱ्यांनी कापणी होताच बांध चालून बघावा. खेकड्यांची बिळे चिखलाने ठोसून बुजवा, उघाडीची (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची) झडप ओहोटीला उघडते आणि भरतीला पक्की बसते याची खात्री करा. कापणीनंतर हलकी नांगरट करून ठेवा, म्हणजे तळचे क्षार वर चढत नाहीत.

जांभ्यातल्या काही विहिरींचे पाणी बाटलीत घेतले की स्वच्छ असते आणि तासाभराने तांबूस होते. हे लोह आहे, ते ठिबकची तोटी बुजवते. असे पाणी उंचावरून टाकीत पडू द्या, रात्रभर निवळू द्या आणि वरचे पाणी गाळणीतून सोडा.

प्रयोगशाळेसाठी नमुना घेताना पंप 10-15 मिनिटे चालू द्या. प्लॅस्टिकची 1 लिटरची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा. नाव, गाव, तारीख आणि घ्यायचे पीक लिहून ती 24 तासांत पोचवा. त्याच विहिरीचा नवा नमुना मे महिन्यात पुन्हा द्या आणि दोन्ही अहवाल एकत्र ठेवा.