केळी सल्ला: आधी शेवरी पेरा, मग रोपं आणा

(मे अखेर ते जून, रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर पट्टा)

मृगबागेची (जून-जुलैत लावायच्या केळीची) रोपं बुक करायची घाई सगळ्यांनाच आहे. बागेभोवती वारा अडवायला लावायच्या शेवरीचं बी आणलं का, असं विचारलं की बहुतेक जण विषय बदलतात. दरवर्षी हेच होतं आणि दरवर्षी मे महिन्यात घड सटकतात, मग दोष उन्हाला दिला जातो.

पारा 44-45 वर गेला की दुपारी दोनला बागेत पश्चिमेच्या कडेने शिरा. ड्रीपरखालची माती चिमटीत धरली तर तिचा गोळा होतो, म्हणजे पाणी आहे. वर मात्र पान मधल्या शिरेवर दोन्ही बाजूंनी मिटलेलं, कडा करपलेल्या, पात्याच्या चिंध्या. तसेच आत चालत जा. दहा-बारा ओळी ओलांडल्या की पान पुन्हा रुंद आणि सलग दिसायला लागतं. पाणी, खत, वाण सगळं एकच. फरक फक्त वाऱ्याचा. कडेच्या ओळी वारा अंगावर घेऊन आतल्या झाडांना वाचवतात. ते काम शेवरीचं आहे, घड धरलेल्या केळीचं नाही.

केळीचं पान मोठं, त्यामुळे त्यातून वाफेने पाणीही भरपूर जातं. हवा शांत असली की पानाभोवती दमट हवेचा थर टिकतो आणि झाड पाणी जपून वापरतं. कोरडा गरम वारा तो थर सारखा काढून नेतो. मुळं जेवढं पाणी ओढतात त्यापेक्षा जास्त पानातून उडतं. मग झाड पानावरची छिद्रं बंद करतं, अन्न तयार होणं थांबतं, घड भरत नाही. अशा वेळी ठिबक दोन तास जास्त चालवून उपयोग नाही. निसवलेल्या (घड बाहेर पडलेल्या) झाडाला मे महिन्यात दिवसाला साधारण 20 ते 22 लिटर पाणी लागतं. त्याहून जास्त दिलं तर काळ्या जमिनीत मुळं गुदमरतात. आपल्या पट्ट्यात विहिरी आधीच खोल गेल्यात, ते पाणी असं वाया घालवू नका.

शेवरी कशी लावायची, ते नीट वाचा.

पश्चिम आणि उत्तर बाजूला दोन ओळी, दोन ओळींत 2 फूट अंतर. पश्चिमेकडून उन्हाळ्यातला झोत येतो, उत्तरेकडून थंडीतला. थंडीचा चरका बसलेली बाग आठवा. उरलेल्या दोन बाजूंना एक ओळ पुरते. बी रात्रभर भिजवून पहिल्या ओलीवर दाट पेरा. केळीच्या पहिल्या ओळीपासून किमान 6 फूट लांब ठेवा आणि मध्ये दीड फूट खोल चर काढा, म्हणजे मुळं बागेत घुसत नाहीत. शेवरीलाही ठिबकची एक लॅटरल (नळी) द्या. गजराज गवताची ठोंबं असतील तर बाहेरची ओळ त्याची करा.

आडोसा त्याच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत उपयोगी पडतो. शेवरी 3 मीटर झाली तर 30 मीटर. चौकोनी एकराची बाजू सुमारे 63 मीटर असते, म्हणजे एका कडेची शेवरी अर्ध्या एकरालाच पुरते. मोठा प्लॉट असेल तर मधूनही एक ओळ घ्या. केळीच्या दोन ओळींची जागा जाईल, जाऊ द्या.

पक्की भिंत नको. भिंतीवरून वारा उसळतो आणि पलीकडे भोवरे करतो. निम्मा वारा गाळून जाऊ देणारा विरळ आडोसा चांगला. गाडीवाट पश्चिमेला कधीच सोडू नका. त्या फटीतून झोत जास्त जोराने शिरतो.

आडोशासाठी मका लावू नका, कडेला काकडी, टोमॅटो, मिरचीही नको. मावा तिथे वाढतो आणि हरण्या रोग (केळीचा विषाणूजन्य रोग) बागेत आणतो.

माझा अंदाज असा: पोळ्याला शेवरी माणसाच्या डोक्यावर गेली असेल तर त्या बागेची थंडीची काळजी बरीचशी मिटली. कमरेएवढीच असेल तर विरळ जागी लगेच पुन्हा बी टोका.

आज उभ्या असलेल्या बागेला शेवरी आता उपयोगाची नाही. पश्चिमेला तुराट्यांची कुड उभी करा किंवा हिरवी शेडनेट बांधा. पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) वापरू नका, त्यात गुलाबी बोंडअळी असते. पानांवर केओलिन 8 टक्के, म्हणजे 10 लिटर पाण्यात 800 ग्रॅम, स्टिकर (फवारा चिकटून राहावा म्हणून घालायचं द्रावण) घालून सकाळी फवारा. ही साधी पांढरी माती आहे, स्वस्त मिळते. दुकानात 'उष्णतेचा ताण घालवणारं' म्हणून जी रंगीत बाटली पुढे सरकवतात ती घेऊ नका. फाटलेलं पान कुठल्याही टॉनिकने जुळत नाही. त्याच पैशात शेवरीचं बी, एक लॅटरल आणि चर काढायची मजुरी निघते.

बाकीची कामं:
- बुंध्याजवळ फुटलेली केळीची पिलं दर 15 दिवसांनी जमिनीलगत कापा.
- फक्त वाळलेली आणि रोगट पानं काढा. हिरवं पान घडाला सावली देतं.
- निसवण पूर्ण झाल्यावर केळफूल कापा. घडावर 10 लिटर पाण्यात 0:52:34 खत 50 ग्रॅम + युरिया 100 ग्रॅम + स्टिकर फवारा.
- घडाचा दांडा वाळलेल्या पानांनी झाका.
- बांबूचा टेकू किंवा पट्टी आजच बांधा. पावसाआधीची वादळं कधीही येतात.
- वादळाने बाग पडली आणि विमा काढलेला असेल तर 72 तासांत कळवा. फोटो आधी, साफसफाई नंतर.

शेवरीचा पाला शेळ्यांना आवडतो, त्यामुळे दिवाळीनंतर कापायला सुरुवात होते. जूनपर्यंत शेंडे कापू नका. पाला हवाच असेल तर बागेकडच्या बाजूच्या खालच्या फांद्या घ्या.